उत्साह नसेल तर सुखही नाही?

गेल्या महिन्यात एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. विषय होता 'आनंदी वार्धक्य'. वक्त्यांनी तासभर एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली: उत्साह हेच जीवन, उत्साह संपला की माणूस संपला, पुढे चालतो तो नुसता श्वास. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून सत्तरीच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून कशाचाच उत्साह वाटत नाही. सणवार नको वाटतात, कुठे जावंसं वाटत नाही. पण सकाळी नातवाला शाळेत सोडते, येताना प्राजक्ताची चार फुलं वेचते, घरी येऊन चहा घेत बसते, तेव्हा बरं वाटतं. अगदी आतून बरं वाटतं. मग मी सुखी नाही म्हणायचं का?" वक्त्यांनी त्यांना हास्यक्लबात नाव घालायचा सल्ला दिला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांनी उठून तुकोबांचा दाखला दिला, देवाने ठेवलं तसं राहावं, उत्साहाचा हव्यासच मुळात वाईट, असं बजावलं. मग दोघांची जुंपली. उरलेला अर्धा तास उत्साह मोठा की समाधान मोठं यात गेला. बाई केव्हाच खाली बसल्या होत्या.

हा वाद त्या सभागृहापुरता नाही. नोकरीच्या मुलाखतीत, पालकसभेत, मुलगा बघायला गेल्यावर, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर तो या ना त्या रूपात चालूच असतो, आणि बहुतेक वेळा तितक्याच वाईट रीतीने चालतो. एक बाजू म्हणते, उत्साह नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. दुसरी म्हणते, इच्छाच टाका, सुख आपोआप मिळेल. दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते, की मनाच्या अवस्था दोनच: उसळणं आणि विझणं. एकाला विझण्याची धास्ती, दुसऱ्याला उसळण्याची. त्या बाई दोन्हींत बसत नव्हत्या, म्हणून त्यांच्या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुखी असायला उत्साह लागत नाही, गोडी लागते. या दोन शब्दांमधला फरक मराठीत पूर्वीपासून आहे. आपण तो विसरत चाललो आहोत. उत्साह पुढच्या गोष्टीकडे धावतो: उद्याची सहल, नवा धंदा, येणारा गणपती. गोडी समोरच्या गोष्टीत असते. 'त्याला वाचनाची गोडी आहे' असं आपण म्हणतो तेव्हा तो वाचायला बसला की उठत नाही, एवढंच म्हणायचं असतं; पुस्तक पाहून त्याच्या अंगात किती वारं संचारतं याच्याशी त्याचा संबंध नसतो. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिरांकडे मी पूर्वी बऱ्याचदा जाऊन बसायचो. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांचा झंकार जुळवताना, ते घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हलकेच घासत, तारेखालचा दोरा केसभर सरकवत, तार छेडत, ऐकत, पुन्हा घासत. असे तासच्या तास जात. त्या चेहऱ्यावर उत्साह म्हणावा असं काही नसे. आवाज चढत नसे, हालचाल वाढत नसे. 'आज काम करायला फार हुरूप आहे' असं ते कधी म्हणालेले मला आठवत नाही. पण मधेच तार मनासारखी गुंजली की त्यांची मान किंचित कलायची. मी आयुष्यात जी थोडी सुखी माणसं जवळून पाहिली, त्यांत त्यांचं नाव मी निःशंकपणे घालीन.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९३० साली सुखाविषयी जे पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण जीवनाच्या उत्साहावर आहे, आणि सुखी माणसाची सर्वांत मोठी खूण हीच असं त्यांचं म्हणणं आहे. भुकेचं अन्नाशी जे नातं, तेच उत्साहाचं जीवनाशी. त्यांचा स्ट्रॉबेरीचा युक्तिवाद तर खोडून काढणं कठीण आहे. एकाला स्ट्रॉबेरी आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. स्ट्रॉबेरी चांगली की वाईट हे सिद्ध करता येणार नाही, पण ज्याला आवडते त्याच्याजवळ एक सुख जास्त आहे, एवढं नक्की. जितक्या गोष्टींत रस, तितक्या सुखाच्या वाटा. हे मला पूर्ण मान्य आहे. पण या युक्तिवादातून सिद्ध काय होतं? स्ट्रॉबेरी आवडणं म्हणजे ती तोंडात गेल्यावर गोड लागणं. महाबळेश्वरचा रस्ता धरताना अंगात किती चैतन्य होतं, हा मुद्दाच इथे नाही. रसेल ज्याला उत्साह म्हणतात त्यातला मोठा भाग मी ज्याला गोडी म्हणतो तीच आहे. आणि त्याच पुस्तकात, कंटाळा आणि उत्तेजना यांविषयी लिहिताना ते म्हणतात, की सुखी आयुष्य बरंचसं शांत असावंच लागतं, कारण खरा आनंद शांततेतच जगू शकतो. त्यांचा आधार घेणारे हे दुसरं प्रकरण सहसा उघडत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी हलक्याने घेणार नाही. नैराश्याच्या आजारात दोन मुख्य लक्षणं धरतात: सतत खिन्न वाटणं, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणं. दोन आठवडे किंवा अधिक काळ असं चाललं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर डॉक्टरांकडे जायला हवं. अशा माणसाला 'उत्साह नसला तरी चालतं' म्हणणं घातक आहे. मी ते म्हणत नाही. पण लक्षणाचे शब्द नीट वाचावेत. तिथे रस आणि आनंद जाण्याची गोष्ट आहे. त्या बाईंचा चहा त्यांना गोड लागत होता. नैराश्यात नेमका तोच गोड लागायचा थांबतो. हा फरक ओळखता आला नाही तर आपण दोन्हीकडे चुकतो: शोकातून सावरत असलेल्या माणसाला आजारी ठरवतो, आणि वरवर उत्साही दिसणाऱ्या, पण आतून सगळी चव गेलेल्या माणसाकडे आपलं लक्षच जात नाही. उत्साहाचा पूर येणं हाही काही वेळा आजारच असतो. उन्मादाच्या अवस्थेत माणूस रात्र रात्र झोपत नाही, दहा योजना आखतो, पैसे उधळतो. तो उत्साह पाहून त्याच्या घरच्यांना रडू येतं.

नैराश्यावरची एक प्रचलित उपचारपद्धती या वादात फार बोलकी आहे. तिला बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. तीत रुग्णाला सांगतात, की उत्साह येण्याची वाट पाहू नका. आंघोळ करा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जा, बहिणीला फोन करा. मन तयार नसलं तरी करा, ठरलेल्या वेळी करा. गोडी मागाहून हळूहळू परतते. आधी उत्साह, मग कृती, मग सुख हा क्रम आपण स्वयंसिद्ध मानतो. तो तसा असता तर ही पद्धत कोणालाच लागू पडली नसती. मेंदूच्या अभ्यासातही असाच एक धागा सापडतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दाखवून दिलं, की हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या यंत्रणा मेंदूत वेगळ्या आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळपास नष्ट केलं होतं, ते समोर ठेवलेल्या अन्नाकडेही जात नसत. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटत. ओढ गेली होती, चव शाबूत होती. व्यसनात उलटं घडतं: ओढ वाढत जाते आणि आवडणं त्या मानाने वाढत नाही. उंदरावरून माणसाचं सगळं कळतं असं नाही, पण या दोन गोष्टी अलग होऊ शकतात, एवढं तरी यातून मानावं लागतं.

हा फरक आपल्या परंपरेला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी दिसला होता, म्हणून आजच्या वादातली गल्लत मला जास्त खटकते. 'उत्साह' हा शब्द आला कुठून? 'सह्' या धातूपासून, सहन करणे याच्यातलाच. कौटिल्याकडे उत्साह ही राजाच्या तीन शक्तींपैकी एक आहे, मंत्रशक्ती आणि प्रभुशक्ती (खजिना आणि सैन्याचं बळ, म्हणजेच प्रभाव) यांच्या शेजारी बसणारी. तीही जिंकायला निघालेल्या राजाची. आधीच्या आचार्यांनी उत्साहाला प्रभावापेक्षा वरचं स्थान दिलं होतं. कौटिल्याने ते मत खोडून प्रभाव वर नेला, आणि त्याच्याही वर मंत्र, म्हणजे विचार. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह कुठे आहे? तो वीररसाचा स्थायिभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी टिकून असलेला भाव आहे. वीराला समोर काहीतरी जिंकायला लागतं. उत्साह हा निघण्याचा भाव आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनी त्याला निघणाऱ्याच्याच पदरात टाकलं.

पुढे याच प्रश्नावर काही शतकं वाद झाला, आणि तो आजच्या वादापेक्षा कितीतरी चांगला झाला. प्रश्न असा, की भरताचे रस आठ. मग शांत हा नववा रस मानायचा का? विरोधकांचं म्हणणं होतं, शांतात घडतच काही नाही, तर त्याचा आस्वाद घ्यायचा कसला? दहाव्या शतकात माळव्यात मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने सांगून टाकलं, की नाटकात त्याचा परिपोष होत नाही. काहींनी तोड सुचवली, की शांताला वीरातच सामावून घ्या, म्हणजे पुन्हा उत्साहाच्याच छत्राखाली. पण धनंजयाच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ही तोड नाकारली होती. त्याने दिलेलं कारण मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं: वीर अभिमानाने भरलेला असतो, आणि शांत म्हणजे अहंकाराचं निवणं, मग एक दुसऱ्यात मावणार कसा? शांताचं लक्षण सांगताना त्याने शब्द वापरला 'तृष्णाक्षयसुख'. तहान निवण्याचं सुख. आणि सगळ्यांना त्याचा अनुभव येत नाही, एवढ्यावरून ते नाकारता येत नाही, हेही त्याने तिथेच नोंदवून ठेवलं. ज्येष्ठ नागरिक संघातल्या वक्त्यांना मी हेच सांगितलं असतं: तुम्हाला ते सुख ठाऊक नसेल, पण म्हणून ते नाहीच असं म्हणू नका.

इथे कोणी गीता पुढे करील, आणि करायलाच हवी. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचं वर्णन 'धृत्युत्साहसमन्वितः' असं आहे. धैर्य आणि उत्साह यांनी युक्त. म्हणजे उत्साह सत्त्वगुणी माणसालाही हवाच. बरोबर, पण कोणाला? कर्त्याला. त्याच श्लोकात तो यश आणि अपयश दोन्हींत निर्विकार असतो असंही म्हटलं आहे, आणि आज ज्याला आपण उत्साह म्हणतो तो तर निकालावरच पोसला जातो. सुखाचं वर्णन पुढे वेगळं येतं. सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं, शेवटी अमृतासारखं. राजस सुख सुरुवातीला अमृतासारखं, शेवटी विषासारखं. सुरुवातीला विषासारख्या लागणाऱ्या गोष्टीकडे कोण उसळून धावेल? उत्साह ही सुखाची अट असती, तर या वर्णनाप्रमाणे राजस सुखच तेवढं मिळवता आलं असतं.

धोंडो केशव कर्वे यांचं आयुष्य या श्लोकाशेजारी ठेवून पाहावं. स्वभाव लाजाळू, बोलणं मोजकं, सभा गाजवण्याचं अंग मुळीच नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की संध्याकाळी हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी, पावसाळ्यात चिखल तुडवत. १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, १९१६ साली महिला विद्यापीठ, आणि वयाची शंभरी पार करून १९६२ साली ते गेले. यांना उत्साही म्हणायचं असेल तर 'सह्' धातूच्या अर्थाने जरूर म्हणा. मला त्यात आनंदच आहे. पण मग तो शब्द टाळ्या आणि हशाच्या उपक्रमांवर चिकटवू नका.

बुद्धघोष हा पाचव्या शतकातला बौद्ध भाष्यकार. ध्यानाच्या पायऱ्या समजावताना त्याने प्रीती आणि सुख यांतला फरक एका दृष्टांताने सांगितला. वाळवंटात थकलेल्या, तहानलेल्या वाटसरूला दूर झाडी आणि पाणी दिसतं किंवा त्याची चाहूल लागते. तेव्हा त्याच्या मनात जी उसळी येते ती प्रीती. मग तो पाण्यापाशी पोचतो, पितो, अंगावर घेतो, सावलीत बसतो, ते सुख. तिसऱ्या ध्यानात प्रीती ओसरते आणि सुख राहतं. पाणी दिसल्यावरची धाव आणि पाणी प्याल्यावरचं बसणं यांना आपण एकच नाव दिलं आहे. मग बसलेल्या माणसाला आपण विचारतो, 'काय झालं तुला, धावत का नाहीस?'

पण ज्यांना पाण्यापर्यंत पोचूच दिलं नाही त्यांचं काय? समाधानवाल्यांची बाजू इथे कोसळते, आणि उत्साहवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा इथेच उभा राहतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांसोबत हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली. देवाने ठेवलं तसं राहायचं ठरवलं असतं तर ती घरीच थांबली असती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हाच उपदेश केला गेला होता, आणि करणाऱ्यांची घरं भरलेली होती. ज्याच्या वाट्याला अन्याय आला त्याला समाधान शिकवणं हा अन्यायाचाच भाग आहे, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तुकोबांनाही या कामाला जुंपू नये. ज्यांनी समाधान सांगितलं त्यांनीच अंतरात आणि जगात रात्रंदिवस चाललेल्या युद्धाची भाषा केली, आणि दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेल्या त्यांच्या शब्दांत निवांत बसलेला माणूस कुठेच दिसत नाही.

तरीही विचारायला हवं, महाडला ती माणसं कशासाठी गेली? पाणी प्यायला. जे इतर कुणालाही सहज मिळत होतं ते. तळ्यापर्यंत जायला अचाट उत्साह लागला, वीररसातला, अगदी भरताच्या अर्थाने. पण ओंजळभर पाणी प्यायला उत्साह लागू नये, ते रोजचं, साधं, विनासायास व्हावं, यासाठीच तो सगळा खटाटोप होता. उत्साहाला सुखाच्या जागी बसवलं तर लढ्याचा हेतूच हातातून निसटतो. मग लढणाऱ्याने कायम लढतच राहावं, आणि ज्या दिवशी तो पोराबाळांत शांत बसेल त्या दिवशी आपण म्हणावं, 'पूर्वीचा जोर राहिला नाही.' चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेल्या किती कार्यकर्त्यांना म्हातारपणी हे ऐकून घ्यावं लागतं, ते मी पाहिलं आहे. मला ते क्रूर वाटतं.

ही सक्ती आता कामाच्या जागी सर्वांत उघड दिसते. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला, त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. पगार फक्त कामाचा नसतो, हसतमुख राहण्याचाही असतो, आणि त्या हसण्यामागे खऱ्या भावनेशी झटापट करावी लागते, हे त्यांनी दाखवलं. आज आपल्याकडे कॉल सेंटरपासून बँकेच्या काउंटरपर्यंत तेच आहे. मुलाखतीत 'एनर्जी' बघतात. शांतपणे, चोख काम करणाऱ्या मुलीला वार्षिक शेऱ्यात 'पुढाकार कमी' असं लिहिलं जातं. शाळेत हात वर न करणाऱ्या मुलाच्या आईबापांना बोलावून घेतात. या लोकांपैकी किती जण खरोखर दुःखी असतात? आणि आपण रोज विचारल्यामुळे, रोज तोलल्यामुळे किती जण होतात?

उत्साह मला नकोसा नाही. गावाच्या जत्रेच्या आदल्या रात्री पोरांच्या अंगात जो असतो, तो पाहून माझंही मन भरून येतं. तो आला तर दार उघडावं. पण तो पाहुणा आहे, आणि घरात तो नसताना माणसं जेवतात, झोपतात, एकमेकांची विचारपूस करतात. घर त्यांचंच असतं.

त्या दिवशी माईक माझ्यापर्यंत आला नाही. आला असता तर मी त्या बाईंना एवढंच विचारलं असतं: रोज जाता त्या वाटेवर प्राजक्त पडलेला असतो तेव्हा थांबता ना? चहाची चव लागते ना? नातवाचा हात हातात असतो तेव्हा तो सोडवत नाही ना? मग तुम्ही सुखी आहात, आई. दुःखही आहे, ते राहील. पण तुमचं सुख खरं आहे, आणि त्यासाठी हास्यक्लबाची पावती फाडायची गरज नाही. आणि ज्या दिवशी चहा बेचव लागेल, फुलांकडे पाहावंसं वाटणार नाही, आणि असे दिवसामागून दिवस जातील, त्या दिवशी मात्र मुलाला सांगा, डॉक्टरांकडे जा. तेव्हा कोणी 'समाधान मानून घ्या' म्हटलं, तर त्याचंही ऐकू नका.